मोताळ्याचं स्वित्झर्लंड

पुणे,
२० नोव्हेंबर १९६३

ती. सौ. सुभद्राताईस,
दयारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीतच आलं. उत्तराला उशीर झाला, कारण सध्या मी मोठ्या दुःखात आहे. घाबरू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. पुष्पाचा खोकला थांबला आणि साहेब आजारी असल्यामुळे कचेरीचं कामही सुरळीत चाललं आहे. दुःख निराळंच आहे.

आमच्या छायाचित्र मंडळाचे अध्यक्ष नुकतेच अमेरिकेहून परतले. परवा त्यांनी तिथल्या डोंगरांची रंगीत चित्रं पडद्यावर दाखवली. तिकडे ॲस्पेन नावाची झाडं असतात. थंडीची चाहूल लागली की अख्खा डोंगर पिवळाधमक होतो, जणू कुणी हळदीचं पोतं वरून उपडं केलं आहे. ती चित्रं पाहून सगळ्या मंडळानं एकदम सुस्कारा सोडला. अध्यक्ष म्हणाले की आपल्या देशात शरद ऋतू पंचांगात आहे, झाडांवर नाही. इथलं पान रंगत नाही, नुसतं वाळून गळतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

तेव्हापासून मला चैन नाही. ओळखीपाळखीनं रंगीत फिल्मचा एक रोल मिळवून ठेवला आहे, पण तो वापरायचा कशावर? मुठेकाठच्या बाभळींवर? काश्मीरला जावं तर साहेब आजारी असूनही रजा नाकारायला कचेरीत येतात. या देशात जन्मून कॅमेरा घेतला हेच चुकलं असं वाटतं.

आणखी एक. मंडळात मला डी. आर. म्हणतात. तू पाकिटावर नुसतं 'दयाराम' लिहितेस आणि आमचा पोस्टमन ते जिन्यातून मोठ्यानं वाचतो. जमल्यास बदल करावा.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, पत्रागणिक थोडाथोडा वाढू द्यावा.

तुझा,
दयाराम (डी. आर.)


मोताळा,
४ डिसेंबर १९६३

चि. डी. आर. यास दयारामच्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

पत्राची पहिली ओळ वाचून मले वाटलं कोणी गेलं. तुले झाडाचं दुःख आहे हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. हे जेवत होते, त्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, पुण्याच्या हवेनं असं होते, काढा पाजा म्हणावं.

पान रंगत नाही म्हणते काय तुमचा अध्यक्ष? त्याले म्हणा, मोताळ्याले ये. माह्या मागच्या दारातून सालईच्या झाडायचा डोंगर दिसते, तो तू विसरला काय रे? संक्रांत झाली का त्याचे पानं पिवळे पडाले लागतात, मंग तांबूस होतात. दिवस उतरला का सारा डोंगर पेटल्यावाणी दिसते. लग्न होऊन आली तवापासून भाकरी थापता थापता मी तेच पाह्यते. घरात बाकी पाह्यासारखे तुझे भाऊजी आहेत, पण ते घरात कमी अन् पंचायत समितीत जास्त राह्यतात.

आता खरी गोष्ट सांगते. डोंगर आपल्याच मालकीचा, तो यांनी मलकापूरच्या गफ्फार सेठले तोडाले देला आहे. लाकूड कागदाच्या गिरणीत जाईन म्हणे. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाले सालईले ना फळ, ना सावली, ना जळणाले धड. नुसती उभी राह्यते. मी म्हटलं समितीत तुम्ही तरी दुसरं काय करता, तर ताटावरून उठले. दोन दिवस बोलणं नव्हतं. घरात मोठी शांती होती.

म्हणून म्हणते, फोटो काढशीन तर याच साली काढ. मले तो फोटो पाह्यजे. डोंगर गेल्यावर भाकरी थापताना पाह्याले काही तरी लागते.

पुष्पाले आशीर्वाद. माया आहे तेवढी आहे. कमी वाटली तर इथं येऊन भांडजो.

तुझी,
ताई


मोताळा,
३ फेब्रुवारी १९६४

सौ. पुष्पास सप्रेम आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. ताई आजारी असल्याचं कचेरीत सांगून रजा काढली, हे मी तिला सहज बोललो. तिनं मला अशा आवाजात झापलं की त्या आवाजाचं प्रमाणपत्र जोडलं तर पुढे कधीच रजा मिळणार नाही.

ताई म्हणत होती ते खरं निघालं. खरं सांगायचं तर मी तिच्या समजुतीखातर आलो होतो. पण काल डोंगराच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि मंडळाच्या पडद्यावर पाहिलेलं सगळं डोळ्यांपुढे आलं. तोच पिवळा, आणि वर कडेकडेनं तांबूस. गवतसुद्धा त्याच रंगात उतरलेलं.

आता पुढचं ऐक. भाऊजींनी समितीच्या बैठकीत जाहीर करून टाकलं होतं की पुण्याहून रंगीत फोटोवाला येणार. त्यामुळे फकीर मोहम्मदच्या बैलगाडीत मी आणि ताई बसलो तर मागून आणखी गाड्या. सगळे फेटे बांधून. डोंगराशी जाऊन पाहतो तर पुढच्या रांगेतल्या झाडांच्या बुंध्यांना चुना फासून वर गेरूचे पट्टे ओढलेले आणि खाली पडलेली पिवळी पानं झाडून, ढीग करून पेटवलेली! मी कपाळाला हात लावला. भाऊजी म्हणाले की फोटो रंगीत आहे म्हटल्यावर थोडा रंग आपणही द्यायला पाहिजे, आणि पाहुणा यायचा तर कचरा कसा ठेवायचा?

मग डोंगरावर खुर्ची चढवण्यात आली. भाऊजी बंद गळ्याचा कोट घालून तीत बसले आणि म्हणाले, आता मागे डोंगर मावला तर घ्या. मी सांगितलं की मला फक्त झाडांचा फोटो हवा आहे. एका सभासदानं हळूच विचारलं की मंग माणसं कुठी येतील? दुसऱ्यानं त्याची समजूत घातली की पुण्यात माणसं जास्त झाली असतील बाप्पा, म्हणून त्यांना झाडं लागतात. शेवटी मी कॅमेऱ्याचं झाकण न काढताच प्रत्येकाचा फोटो घेतला. बसलेला, उभा, आणि भाऊजींचा तर दूर कुठंतरी विकासाकडे पाहत असलेला. सगळे तृप्त होऊन खाली भजी खायला गेले.

ताई तेवढी थांबली. ऊन उतरत गेलं आणि एका क्षणी सगळ्या डोंगरानं पेट घेतला. मी झाकण काढलं आणि रोल संपेपर्यंत थांबलो नाही. चुन्याचे बुंधे टाळले, एक तेवढा कोपऱ्यात आला असावा. मागे वळून पाहिलं तर ताई पदर तोंडाशी धरून उभी होती. मला म्हणाली की इतक्या वर्षांत इतक्या जवळ येऊन आज पहिल्यांदाच पाह्यला. दारातून दिसायचा तेवढाच तिचा होता.

तुझी आठवण झाली. पुढल्या खेपेला तूही यावंस, एवढी गळ घालून पुरे करतो.

तुझा,
दयाराम


पुणे,
१० जुलै १९६४

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

भाऊजींच्या कार्डावरून कळलं की गफ्फार सेठचा ट्रक नाल्याच्या गाळात रुतून बसला आणि तोड पुढच्या हिवाळ्यावर गेली. फार बरं वाटलं. त्या नाल्याला माझा नमस्कार सांग.

मुंबईहून फिल्म धुऊन आली. चित्रं इतकी सुंदर आली आहेत की मलाच खरं वाटेना. मंडळात पडद्यावर दाखवली. अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की हे स्वित्झर्लंडच्या कुठल्या भागातलं? ताई, मी खोटं बोललो नाही. मी फक्त हसलो. ते म्हणाले की सांगायचं नसेल तर राहू दे, कलावंताची गुपितं असतात. पण आल्प्सची हवा लपत नाही. कोपऱ्यातल्या चुना-गेरूच्या बुंध्याकडे बोट दाखवून त्यांनी सर्वांना समजावलं की स्विस लोक देशभक्त असतात, झाडांनासुद्धा निशाणाचे लाल-पांढरे रंग देतात.

त्यांच्याच ओळखीनं मुंबईची एक कॅलेंडर कंपनी तो फोटो येत्या सालासाठी छापणार आहे. खाली काय लिहायचं ते कंपनी ठरवते, त्यात आपलं काही चालत नाही. तुला वेगळा फोटो पाठवत नाही. छापलेलं कॅलेंडरच मिळेल, तेही मोठं.

भाऊजी त्यांच्या खुर्चीतल्या फोटोबद्दल विचारतात. रंगीत फिल्मला वेळ लागतो, असं सांगावं.

कृपा असावी, आणि थोडी जास्तच असावी.

तुझा,
डी. आर.


मोताळा,
२८ डिसेंबर १९६४

चि. दयाराम यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

यांना मलकापूरच्या अडत्यानं कॅलेंडर देलं. काल घरी आणून उलगडलं तर माह्या हातातलं पीठ तसंच राह्यलं. माहा डोंगर! ती वाकडी सालई, तिच्या मागचा दगड, अन् कोपऱ्यात यांनीच चुना मारलेला बुंधा. अन् खाली मोठ्या अक्षरात लिव्हलं आहे, 'स्वित्झर्लंड : सोनेरी शरद'.

तुझे भाऊजी त्याच्यावर असे खूश आहेत का विचारू नको. बैठकीत टांगलं आहे. आल्यागेल्याले दाखवतात अन् सांगतात, पाहा, तिकडचे लोक झाडं कशी जपतात; आपल्या लोकायले कदरच नाही. हे सांगता सांगता गफ्फार सेठच्या माणसाले तोडाच्या झाडायवर खुणा माराले किती दिवस लागतील तेही विचारतात. कॅलेंडर भिंतीवर, अन् त्याच्या बाजूच्या खिडकीतून तोच डोंगर दिसते. कोणाची मान तिकडं वळत नाही.

मी म्हटलं, हा आपलाच डोंगर आहे. सारे हसले. हे म्हणाले की चुलीपुढं बसून बाईमाणसाले परदेशातलं काय कळते. मी चुन्याचा बुंधा दाखवला, तर म्हणाले, पाह्यलं? चुना मारायची पद्धत स्वित्झर्लंडमधीही आहे, म्हणजे आपली समिती त्यांच्या बरोबरीची!

संक्रांत झाली का तोड चालू होईन. माह्यावर कोणी इसवास ठेवत नाही. तुह्यावर ठेवतील, तू पुण्याचा आहे. यांना दोन ओळी लिहून टाक का हा फोटो इथला आहे. एवढं केलं का बाकीचं मी पाहून घेईन.

वाट पाह्यते. यावेळी माया वाढव म्हणत नाही, पत्र लवकर टाक म्हणते.

ताई


पुणे,
६ जानेवारी १९६५

ती. सौ. ताईस नमस्कार. वि. वि.

तुझी तगमग समजते. पण माझीही अडचण समजून घे. या महिन्यात मंडळातर्फे माझा सत्कार आहे. पत्रिकेत 'परदेशी निसर्गाचे मर्मज्ञ' असं छापलं आहे. मी छापायला सांगितलं नाही, पण खोडायलाही सांगितलं नाही, आणि आता सगळ्यांना वाटून झाल्या. अशा वेळी मी भाऊजींना लिहिलं आणि ते त्यांच्या सवयीप्रमाणे चार ठिकाणी बोलले तर माझं इथं काय राहील?

शिवाय विचार कर, सौंदर्य ते सौंदर्य. त्याला स्वित्झर्लंड म्हटलं काय आणि मोताळा म्हटलं काय! आणि झाडं पुन्हा येतातच.

सोबत एक लुगडं पाठवतो आहे. रंग मुद्दाम पिवळा निवडला.

राग नसावा, हीच इच्छा.

तुझा,
डी. आर.


मोताळा,
१२ जानेवारी १९६५

श्री. रा. रा. डी. आर. साहेब यांस,
सुभद्राबाईचा दंडवत. वि. वि.

आपलं पत्र पावलं. आपल्या सत्काराचं वाचून आनंद झाला. लुगडं चांगलं आहे. ते परत पाठवत आहे, कारण आपल्याकडून मी फक्त दोन ओळी मागितल्या होत्या आणि लुगड्यावर त्या कुठं सापडल्या नाहीत.

शुक्रवारपासून कुऱ्हाड लागते. मागचं दार मी लावून घेतलं आहे.

पुष्पाबाईंना आमचा नमस्कार सांगावा. ओळख असू द्यावी.

आपली,
सुभद्राबाई


पुणे,
१८ जानेवारी १९६५

ती. रा. भाऊजींच्या चरणी दयारामचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र जरा सावकाश बसून वाचावं. आपल्या बैठकीतल्या कॅलेंडरवरचा फोटो मी काढला आहे. तो स्वित्झर्लंडचा नाही. मी बऱ्हाणपूरच्या पलीकडे आयुष्यात गेलेलो नाही. तो आपल्याच डोंगराचा आहे. ताई खरं बोलत होती आणि मी गप्प बसलो होतो.

काल माझा सत्कार झाला. ताईनं मला 'साहेब' लिहिलेलं पत्र त्या दिवशी सकाळीच आलं. ज्या बहिणीनं मला न्हाऊमाखू घातलं ती ओळख ठेवा म्हणते! आभार मानायला उभा राहिलो तेव्हा तोंडातून भलतंच बाहेर आलं. मी सांगितलं की हा डोंगर मोताळ्याचा आहे, झाडं सालईची आहेत, माझ्या ताईच्या मागच्या दारातून रोज दिसतात आणि आज ती तोडली जात आहेत.

अध्यक्ष उठले आणि म्हणाले की असं असेल तर हा पिवळा रंग म्हणजे फिल्ममधला दोष असणार. सहा महिन्यांपूर्वी ज्यांना त्या चित्रात आल्प्सची हवा लागली होती, त्यांना रचना ढिली वाटू लागली. एक जण म्हणाला की मला आधीच शंका होती, इतकं पिवळं बरं नसतं. शाल अंगावर घालून झाली होती म्हणून राहिली. नारळ मात्र टेबलावरून कुणी उचलून नेला. फक्त पुष्पा मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिला कुणी खाली बसवू शकलं नाही.

भाऊजी, आपण वडील आहात. तोड थांबवा. आपल्या खुर्चीतल्या फोटोचंही सांगून टाकतो: त्या वेळी कॅमेऱ्यावर झाकण होतं. काय शिक्षा द्यायची ती द्यावी, पण ताईचं दार उघडं राहू द्यावं.

अपराध पोटात घालावेत.

आपला,
दयाराम


मोताळा,
३१ जानेवारी १९६५

चि. दयाराम यास शेषरावाचे आशीर्वाद. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. प्रथम वाचले तेव्हा विश्वास बसला नाही. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा झाकणाबद्दल संताप आला. तिसऱ्यांदा तुमच्या ताईने वाचून दाखविले, तेव्हा ऐकावेच लागले.

सबब सत्यशोधनार्थ मी कॅलेंडर घेऊन समितीच्या सभासदांसह डोंगरावर गेलो. एक बाजू तोडून झाली होती. मी कॅलेंडर धरून उभा राहिलो, सभासद कधी डोंगराकडे, कधी कॅलेंडराकडे पाहू लागले. मतभेद झाले. एकाचे म्हणणे पडले की स्वित्झर्लंड जास्त उंच आहे. इतक्यात गफ्फार सेठ तिथे आला, त्याने कॅलेंडर हातात घेतले आणि पोट धरून हसू लागला. म्हणे, शेषरावभाऊ, या वाकड्या सालईवर मी सोता खूण मारली, कोणत्या मुल्काची गोष्ट करून राह्यले तुम्ही! त्यानंतर मतभेद राहिले नाहीत.

मी सेठला विचारले की आता काय करावे. तो म्हणाला, मालक तुम्ही. मात्र त्याच्याकडे सालई तोडण्याचे लायसन आहे, स्वित्झर्लंड तोडण्याचे नाही. माणसांना त्याने खाली बोलावून घेतले. उरलेली झाडे राहतील. व्यवहार आम्ही आपसात मिटवला. सेठ दिलदार माणूस आहे.

मी असे ठरविले आहे की ज्या अर्थी आमच्या मालकीत स्वित्झर्लंड आहे, त्या अर्थी त्याची व्यवस्था लागली पाहिजे. एक सुधार समिती नेमली आहे. अध्यक्ष कोण ते तुम्ही ओळखले असेलच. रस्त्यावर पाटी लावली, 'स्वित्झर्लंड, मु. मोताळा'. बुलढाण्याहून, देऊळघाटाहून लोक गाड्या जुंपून येत आहेत. येणाऱ्यांनी पाने झाडू नयेत असाही ठराव केला आहे.

तुम्ही पुढील वेळी येताना झाकण पुण्यास ठेवून यावे. राग गेला असे समजावे, परंतु पूर्ण नाही.

तुमचे भाऊजी,
शेषराव


मोताळा,
२ मार्च १९६५

चि. दयाराम यास ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू पुन्हा दयाराम झाला, मी पुन्हा ताई झाली. आता त्याच्यावर जास्त लिव्हत नाही, नाहीतर रडशीन अन् शाई पसरीन. पुष्पाले सांग, तिच्या टाळ्या मले इथं ऐकू आल्या.

यांच्या स्वित्झर्लंडचे हाल ऐक. आता सालईचे पानं गळून गेले. डोंगर उघडा, नुसते काडके. तरी लोक कॅलेंडर काखेत मारून येतात अन् यांच्याशी भांडतात का फसवलं, पिवळं कुठी आहे? मलकापूरच्या एका मास्तरनं तर लेखी तक्रार देली. हे पाटीखाली उभं राहून सांगतात का पुढच्या संक्रांतीले या, समितीचे प्रयत्न चालू आहेत. तोडलेल्या बाजूले आम्ही बायकांनी सालईच्या फांद्या आणून रोवल्या. मी अन् शेजारच्या पंचफुलानं खड्डे केले. कोणी म्हणते जगतील, कोणी म्हणते नाही. पाहू.

परवा एक गोष्ट झाली. दिवस उतरताना मी मागच्या दाराशी बसली होती. हे आले अन् माह्या बाजूले उंबऱ्यावर बसले. आजपावेतो कधी बसले नव्हते. उलीसे खाकरले अन् विचारलं का एवढे दिवस तू काय पाह्यत होती तिथं? मी म्हटलं, काही नाही, पाह्यत होती. मंग तेही पाहू लागले. डोंगरावर पान नव्हतं, पाह्यासारखं काहीच नव्हतं, तरी बसले. लय वेळानं म्हणाले, बरा आहे. कापूस मुठीत दाबून पाह्यल्यावर म्हणतात ना, तसंच.

मंग म्हणाले का चहा ठेव. मी म्हटलं, आता मी पाहून राह्यली, तुम्हीच ठेवा. तोंडातून निघून गेलं रे! माहा माह्यावरच इसवास बसेना. हे माह्याकडं पाह्यत राह्यले. मंग उठले. चुलीत काय काय पडल्याचा आवाज आला, साऱ्या घरात धूर झाला, साखरेचा डबा कुठी म्हणून दोनदा विचारलं. पण चहा आणला. कपाले कान नव्हता, खाली चहापत्तीचा थर होता, अन् गोड इतका का जीभ चिकटली.

मी सारा पेली.

तुह्यावर जीव आहे, तो तिथंच राहू दे.

तुझी,
ताई